तळघराच्या खोदाईत स्ट्रट आणि वेलर: सेक्शनपेक्षा जोडाकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सदाशिव पेठेत जुना वाडा उतरवून नवी इमारत होते आहे. दोन तळघरं, खोदाई ९ मीटर, प्लॉटची रुंदी १८ मीटर. एका बाजूला अडीच मीटरवर तीन मजली लोडबेअरिंग इमारत, समोरच्या बाजूला रस्ता. ६०० मिमी व्यासाचे काँक्रीट पाइल ७५० मिमीवर आणि मधल्या फटींना शॉटक्रीट (फवारलेलं काँक्रीट), एवढं ठरलं आहे. शेजारी आपल्या जागेखाली अँकर (भिंतीला मागच्या मातीत ओढून धरणाऱ्या सळया) मारू देत नाहीत, म्हणून आडवे स्ट्रट, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींमध्ये बसवलेले लोखंडी टेकू, आणि ते ज्यावर टेकतात ते भिंतीलगतचे आडवे बीम, म्हणजे वेलर. माती अहवालात वरचा दीडेक मीटर भराव, खाली मुरूम: घनता १९ किलोन्यूटन प्रति घनमीटर, घर्षणकोन ३२ अंश. खडक एका बोअरमध्ये साडेसात मीटरवर लागला, दुसऱ्यात दहावर. विचारणाऱ्या तरुण इंजिनिअरला दोन गोष्टी हव्या आहेत: स्ट्रट आणि वेलरचं सेक्शन कसं काढायचं, आणि ‘मुरूम आपोआप उभा राहतो, एवढं लोखंड कशाला’ म्हणणाऱ्या ठेकेदाराला काय सांगायचं.

ठेकेदाराचं आधी. तो खोटं बोलत नाही. जानेवारीत पोकलेननं चार-पाच मीटर सरळ कापलेला मुरूम खरोखर उभा राहतो, आणि हे त्याने आयुष्यभर पाहिलेलं असतं. पण ती ताकद घट्ट बसलेल्या कणांची आणि त्यांच्यामधल्या थोड्याशा ओलाव्याच्या ओढीची असते. जूनमध्ये पाणी मुरलं की ओलाव्याची ओढ संपते आणि उरतं ते घर्षण. २०१९ च्या जूनअखेरीस कोंढव्यात सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली, १५ जण गेले. पुण्यात बांधकाम करणाऱ्या कुणालाही ती सकाळ आठवून द्यावी लागत नाही. ठेकेदाराला एवढंच विचारा: तुमचा खड्डा मे अखेरीस भरून निघणार आहे का? पेठेतल्या दोन तळघरांचा नाही निघत. म्हणून माती अहवालात मुरुमाला संसंजन (कणांची एकमेकांना धरून राहण्याची ताकद) दिलं असलं तरी स्ट्रटच्या हिशोबात मी ते शून्य धरतो.

आता भार. भिंतीला अनेक ठिकाणी टेकू असतील तर मातीचा दाब त्रिकोणी राहत नाही. वरचा स्ट्रट आधी बसतो, तिथे भिंत हलू शकत नाही आणि दाब वर सरकतो. म्हणून टर्झागी आणि पेक यांचा आयताकृती आलेख वापरतात. वाळूसारख्या मातीसाठी ०.६५ गुणिले सक्रिय दाबाचा (भिंत थोडी पुढे हलल्यावर उरणाऱ्या मातीच्या दाबाचा) गुणांक, गुणिले घनता, गुणिले पूर्ण खोली. तुमच्या आकड्यांत गुणांक ०.३०७, म्हणजे दाब ३४ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. शेजारच्या इमारतीचा भार मी ४० धरला आहे, त्याचे ०.३०७ पट म्हणजे १२. एकूण ४६. हा आलेख प्रत्यक्ष खोदायांतल्या स्ट्रटवर मोजलेल्या भारांवरून काढला आहे. तो स्ट्रटच्या कमाल भाराचं आवरण आहे. भिंतीमागे एखाद्या क्षणी असणारा खरा दाब त्यातून मिळत नाही. त्यातून स्ट्रट आणि वेलर काढा, पाइलच्या मोमेंटसाठी (वाकवणाऱ्या जोरासाठी) टप्प्याटप्प्याचं वेगळं विश्लेषण करा. शेजारी जुनी इमारत आहे म्हणून काहीजण यावर स्थिर दाबाचा (भिंत अजिबात हलली नाही तर येणाऱ्या जास्त दाबाचा) गुणांकही लावतात. पण आयताचं क्षेत्रफळ सक्रिय दाबाच्या त्रिकोणापेक्षा ३० टक्के जास्त आहेच. त्याच कारणासाठी दुसऱ्यांदा वाढ करून हाती काही लागत नाही, आणि मग माणसं तो खर्च जोडात वाचवायला जातात.

स्ट्रटच्या दोन पातळ्या घेऊ: जमिनीखाली दीड मीटर आणि पाच मीटर. मधोमध वाटणी केली तर वरच्या पातळीला सव्वातीन मीटर उंचीचा भार येतो, म्हणजे १५१ किलोन्यूटन प्रति मीटर. खालच्या पातळीला पावणेचार मीटरचा, १७४. उरलेले दोन मीटर, म्हणजे ९३ किलोन्यूटन प्रति मीटर, पाइलच्या पायथ्याकडे जातात. या ९३ कडे परत येईन, पुण्यात घोटाळा बहुतेक तिथेच असतो. स्ट्रट पाच मीटरवर ठेवले तर खालच्या स्ट्रटवर ८७० किलोन्यूटन. १.५ चा सुरक्षा गुणक लावून १,३०५.

या हिशोबात पाणी नाही. पेकचा आलेख पाणी खोदाईच्या तळाखाली आहे असं समजतो, पाणी असेल तर ते वेगळं मिळवायचं. फटींना शॉटक्रीट मारताना निचऱ्याचे पाइप सोडले नाहीत आणि पाणी भिंतीमागे जमिनीखाली दोन मीटरवर चढलं, तर काय होतं ते बघा. कोरड्या अवस्थेत त्रिकोणी सक्रिय दाब एकूण २३६ किलोन्यूटन प्रति मीटर. पाण्यासकट तो ४०० च्या वर जातो, त्यातलं २४० नुसतं पाणी. पावणेदोन पटीचा हा भार पेलायला स्ट्रट जाड करत बसण्यापेक्षा निचऱ्याचे पाइप सोडणं फार स्वस्त पडतं. मात्र त्यांच्या तोंडाशी गाळणी हवी, नाहीतर शेजारच्या पायाखालचे बारीक कण रोज थोडे थोडे वाहून येतात आणि सहा महिन्यांनी त्यांच्या भिंतीला तडा दिसतो.

पेठेत पाणी फक्त पावसाचं नसतं. जुन्या वाड्यांत आड होते. बरेच भरावानं बुजवले गेले आणि कुठल्याही नकाशावर नाहीत. पेशवाईत कात्रजहून शहरात आणलेल्या नळाचे दगडी मार्गही जमिनीखालून गेलेले आहेत. त्यात आजच्या गळक्या ड्रेनेज लाइनी मिळवा. शेजारच्या वयस्कर माणसांना भेटून ‘तुमच्याकडे आड कुठे होता’ हे विचारणं हा मी साइट तपासणीचाच भाग मानतो. तिसऱ्या बोअरइतकी माहिती त्यातून मिळते, आणि चहाही.

आता स्ट्रट. १८ मीटर रुंदीला ५०८ मिमी बाहेरच्या व्यासाचा, १० मिमी जाडीचा पाइप घेऊन बघू. क्षेत्रफळ सुमारे १५,६०० चौरस मिमी, जायरेशन त्रिज्या १७६ मिमी. मधे आधार नसेल तर स्लेंडरनेस, म्हणजे लांबी भागिले ही त्रिज्या, १०२. पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ८००:२००७), साधं २५० चं पोलाद आणि ‘बी’ बकलिंग (दाबाखाली बाजूला झुकून वाकणं) वक्र धरून, क्षमता सुमारे १,८०० किलोन्यूटन. मागणी १,३०५. गुणोत्तर ०.७२, एकच्या आत म्हणजे पास. इथे बरेचजण पेन खाली ठेवतात.

थांबू नका. स्ट्रट आडवा आहे, स्वतःच्या वजनानं तो वाकतो: मीटरला १.२ किलोन्यूटन, १८ मीटरवर ४९ किलोन्यूटन-मीटर. त्यावर माणसं चालणार, होस आणि केबल टांगणार, कुणीतरी सळयांची मोळी क्षणभर टेकवणार, त्यासाठी मी किमान मीटरला १ किलोन्यूटन धरतो. टोकाचा भार कधीच बरोबर मध्यावर येत नाही, म्हणून खोलीच्या १० टक्के विकेंद्रता, इथे ५० मिमी. हे सगळं गुणकासह मिळवलं की मोमेंट २०० किलोन्यूटन-मीटर होतो, पाइपची वाकण्याची क्षमता ४३४ च्या आसपास. अक्षीय दाबामुळे मोमेंट फुगतो, तो गुणक इथे १.५८ येतो. एकत्र गुणोत्तर ०.७२ अधिक ०.७३, म्हणजे १.४५. ‘पास’ झालेला पाइप साफ नापास.

जाड पाइप हा इथे महागडा उपाय आहे. मधे एक किंग पोस्ट, म्हणजे स्ट्रटला आधार देणारा उभा खांब, द्या. लांबी ९ मीटर, स्लेंडरनेस ५१, क्षमता ३,००० च्या थोडी वर, मोमेंट निम्म्यावर. तेच एकत्र गुणोत्तर ०.७० वर येतं. पाइप तोच आहे.

पण किंग पोस्ट म्हणजे फक्त खालून टेकू नव्हे, इथे ड्रॉइंगमध्ये नेहमी गफलत होते. पोस्टला पाइप नुसता ठेवला तर त्याला खाली झुकायला अडथळा झाला, बाजूला झुकायला नाही. पाइपच्या दोन्ही दिशांच्या ताकदी सारख्या, म्हणून तो सरळ आडवा बकल होईल. त्याला पोस्टशी पट्ट्यानं बांधा, आणि शेजारच्या स्ट्रटशी आडवी टाय द्या. नुसती टाय दिली तर सगळे स्ट्रट एकमेकांचे हात धरून एकाच बाजूला झुकतील. एखाद्या तरी खणात तिरका ब्रेसिंग हवाच, जो तो जोर पलीकडे नेऊन सोडेल. या अडथळ्यासाठी मी अक्षीय भाराच्या अडीच टक्के बळ धरतो, इथे स्ट्रटमागे ३३ किलोन्यूटन. छोटा आकडा आहे, पण शून्य नाही.

तापमान. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे गार पडलेला पाइप बसवला आणि एप्रिलच्या दुपारी तो उन्हात उघडा असला, तर पोलादाच्या तापमानात २५ अंशांचा फरक सहज पडतो, काळा रंग असेल तर त्याहून जास्त. दोन्ही टोकं पूर्ण जखडली असतील तर त्यातून ६० न्यूटन प्रति चौरस मिमी ताण, म्हणजे या पाइपमध्ये ९४० किलोन्यूटन. पूर्ण जखडणं कधीच नसतं, भिंत मागच्या मातीत थोडी शिरते. पण घट्ट मुरूम आणि काँक्रीट पाइल असताना निम्मं तरी मी धरतो: ४७०. आपल्या ८७० च्या तुलनेत बघा केवढं आहे. गुणक न लावता हे मिळवलं तरी किंग पोस्टसह गुणोत्तर ०.९ च्या वर जातं. पाइपला पांढरा चुना मारणं हा हास्यास्पद वाटणारा उपाय आहे, मी तो ड्रॉइंगवर लिहून देतो.

वेलरचं गणित सोपं आहे. पाच मीटरचा सलग खण, १७४ किलोन्यूटन प्रति मीटर, डब्ल्यू एल वर्ग भागिले १० प्रमाणे (डब्ल्यू मीटरमागचा भार, एल खणाची लांबी) ४३५ किलोन्यूटन-मीटर, गुणकासह ६५२. दोन आयएसएमबी ४५० (४५० मिमी उंचीचे आय आकाराचे बीम) एकत्र ६९७ देतात. चालतं. कातरबळही (शिअर) बसतं.

खरा वेळ द्या तो वेलर आणि स्ट्रट जिथे भेटतात त्या फूटभर जागेला. आयएसएमबी ४५० ची वेब (बीमचा मधला उभा पत्रा) ९.४ मिमी जाड आहे. सव्वा हजाराच्या वर किलोन्यूटन त्या दोन पातळ पत्र्यांतून पाइलकडे जायचे आहेत. ड्रॉइंगवर पाइपला ५०० मिमीची जाड एंड प्लेट असते, ती वेलरवर सपाट बसलेली असते आणि हिशोब आरामात जमतो. साइटवर पाइप ३० मिमी आखूड निघतो आणि वेल्डर मधे १०० मिमी रुंदीची पट्टी घालून पाचर ठोकतो. आता भार १०० मिमीच्या पट्टीतून, फ्लँजमधून (बीमच्या कडेच्या रुंद पट्टीतून) पसरत वेबपर्यंत जातो. दोन्ही वेब मिळून चिरडण्याची क्षमता सुमारे १,१२०. मागणी १,३०५, आणि तापमान अजून मिळवलेलंच नाही. सेक्शनची निवड बरोबर, स्ट्रट बरोबर, आणि तरी जोड गेला.

२० एप्रिल २००४ ला सिंगापूरमध्ये मेट्रोच्या सर्कल लाइनसाठी निकोल हायवेलगत चाललेली खोल खोदाई कोसळली, चौघांचा मृत्यू झाला. मातीच्या ताकदीचा अंदाज चुकला होता, हे एक. दुसरं म्हणजे स्ट्रट आणि वेलरच्या जोडातल्या स्टिफनर (वेबला ताठ ठेवणाऱ्या) प्लेटच्या जागी सी-चॅनल वापरले होते. दहाव्या पातळीच्या स्ट्रटसाठी खणत असताना नवव्या पातळीचे जोड दबले, त्यांचा भार वर सरकला, आणि वरच्या पातळीलाही तो झेपला नाही. चॅनलचा जोड दबताना ताकद टिकवत नाही, एकदम सोडतो, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग.

म्हणून स्ट्रट येतो तिथे वेलरच्या वेबला दोन्ही बाजूंनी पूर्ण उंचीच्या प्लेट स्टिफनर द्या, हिशोबात लागत नसल्या तरी. पॅकिंगची किमान रुंदी ड्रॉइंगवर मिमीमध्ये लिहा. आणि मग एक स्ट्रट काढून टाकून बघा: तो गेला तर शेजारचे दोन आणि वेलर, गुणक न लावलेल्या भारावर, तग धरतात का? वेलरचा खण दुप्पट होतो आणि मोमेंट चौपट, त्यामुळे लवचीक हिशोबात ते नापासच होईल. वेलर प्लास्टिक होऊ द्या, म्हणजे कायमचा वाकू द्या, पण जोड तुटू देऊ नका. वेलरचे वेल्ड मी पूर्ण ताकदीचे मागतो ते याचसाठी.

वेलर आणि पाइल यांच्यातली फट हाही जोडच आहे. ड्रिल केलेले पाइल एका ओळीत कधीच येत नाहीत, काही ४० मिमी पुढे, काही मागे. वेलर पुढे आलेल्या पाइलवर टेकतो आणि मागचे पाइल तसेच मोकळे राहतात. प्रत्येक पाइल आणि वेलरमधल्या फटीत काँक्रीट किंवा ग्राउट भरल्याशिवाय खाली खणायचं नाही. कोपऱ्यात तिरके स्ट्रट असतील तर आणखी एक: ४५ अंशात स्ट्रटमधलं बळ लंब बळाच्या १.४१ पट होतं, आणि लंब बळाइतकंच बळ वेलरला भिंतीच्या लांबीत ढकलतं. ते अडवायला पाइलमध्ये बसवलेला शिअर लग (घसरणं अडवणारा लोखंडी खुंट) किंवा ब्लॉक हवा. घर्षणावर सोडलेला वेलर घसरतो.

आता ते ९३. खडक एका बोअरमध्ये साडेसातवर आहे, म्हणजे त्या बाजूचे पाइल खडकात मीटरभर शिरून साडेआठला थांबतील, आणि तुमची खोदाई नऊपर्यंत. पाइलचं टोक खड्ड्याच्या तळाच्या वर लोंबकळतं. त्याच्या पायाशी ब्रेकर चालवून खडक उभा कापला की पायथ्याचा आधार गेला, ९३ किलोन्यूटन प्रति मीटर आता कुणाचेच नाहीत. बसाल्टचा माथा एका प्लॉटमध्ये दोन-तीन मीटर वर-खाली होणं पुण्यात रोजचं आहे, म्हणून पाइलची खोली एका बोअरवरून ठरवू नका, प्रत्येक पाइलच्या ड्रिलिंगची नोंद ठेवा. खडक वर लागला तर पाइलच्या पुढे मीटरभर खडकाचा कट्टा सोडा आणि पाइलच्या टोकाशी रॉक बोल्ट मारा. बोल्ट आखूड आणि उतरता असला तरी तो तुमच्याच हद्दीत राहील असं नाही, शेजाऱ्यांची परवानगी तिथेही लागेल. ती मिळत नसेल तर तिथे तिसरी पातळी द्या, भले वास्तुविशारद कुरकुर करो. कट्ट्याजवळ ब्रेकरऐवजी ओळीनं ड्रिल करून खडक सोडवा.

दोन्ही बाजूंचा भार सारखा नाही हेही विसरू नका. इमारतीच्या बाजूला ४६, रस्त्याच्या बाजूला कमी. स्ट्रटमध्ये बळ एकच असतं, त्यामुळे जास्त भाराची बाजू कमी भाराच्या बाजूला ढकलते आणि सगळा खड्डा रस्त्याकडे थोडा सरकतो. हे फक्त दोन्ही भिंती एकत्र घेतलेल्या मॉडेलमध्ये दिसतं. अर्धा खड्डा आरशासारखा घेऊन केलेल्या मॉडेलमध्ये अजिबात नाही.

खालच्या स्ट्रटला जॅकनं प्रीलोड (बसवतानाच आधीचा दाब) द्या, अपेक्षित भाराच्या निम्म्याच्या आसपास. त्याने जोडातल्या ढिल्या जागा बसतात आणि शेजाऱ्यांची इमारत कमी हलते. पहिल्या पातळीला जास्त प्रीलोड नको, वरचा भराव मागे दबतो आणि शेजारच्या उथळ पायाला उलटा धक्का बसतो.

मोजमापासाठी फार उपकरणं लागत नाहीत. काही स्ट्रटवर भार कळण्यासाठी व्हायब्रेटिंग वायर स्ट्रेन गेज, इमारतीच्या बाजूला जमीन किती सरकली हे मोजणारा एक इनक्लिनोमीटर, शेजारच्या भिंतीवर टार्गेट आणि प्रत्येक तड्यावर काचेची पट्टी. गेज सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा वाचा. नुसते दुपारचे आकडे आले तर भार वाढला की ऊन वाढलं, हे कळणार नाही. खोदाई सुरू होण्याआधी शेजारच्या घराचे फोटो, तारखेसह, त्यांच्या सहीनं. तडा जुना की नवा यावर पेठेत पिढ्या भांडू शकतात.

टप्प्यांच्या यादीत ठेकेदार नेहमी एक ओळ कमी लिहितो: स्ट्रट काढण्याची. तुमच्या केसमध्ये राफ्ट (तळाचा पायाचा सलग स्लॅब) पडून पाच मीटरचा स्ट्रट काढला की राफ्टच्या माथ्यापासून वरच्या स्ट्रटपर्यंत पाइल सलग सातेक मीटर एकट्यानं पेलतो. बहुतेक वेळा पाइलचा कमाल मोमेंट खणतानाच्या टप्प्यात येत नाही, इथे येतो. त्या वेळी वरच्या स्ट्रटवरही भार वाढतो, मी वर दिलेले १५१ पुरत नाहीत, तो टप्पा वेगळा काढून बघा. राफ्ट आणि पाइल यांच्यातली फट काँक्रीटनं भरलेली असावी. हे टाळायचं तर खालच्या तळघरावरचा स्लॅब भिंतीपर्यंत पोचून त्याचं काँक्रीट पुरेसं पक्कं झालं की मगच खालची पातळी उतरवा. स्लॅबमध्ये रॅम्पसाठी मोठं भोक असेल तर त्या खणातला स्ट्रट शेवटपर्यंत राहू द्या आणि स्लॅबमधून जाणाऱ्या पाइपभोवती बॉक्स सोडा. आणि काढताना आधी जॅक लावून भार सोडवायचा, मग पाचरी, मग गॅस कटर. ताण असलेल्या पाइपवर थेट कटर चालवू देऊ नका. काढायच्या परवान्यावर सही तुमची हवी, साइट सुपरवायझरची नाही.